मराठवाड्यांत कॅमेरा आला तेव्हां

लातूरहून औशावरून निलंग्याकडे जाणाऱ्या वाटेवर खरोसा म्हणून एक लहानसें गांव आहे. गांवाजवळच्या टेकडींत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेलीं लेणीं आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या मानानें त्यांचा पसारा थोडा. आणि ज्या खडकांत तीं कोरलीं तो जांभा, म्हणजे वेरूळच्या काळ्या कातळापेक्षां पुष्कळच मऊ. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण यांच्या मूर्ति तेथें आहेत, पण चौदाशें पावसाळ्यांनीं त्यांचे नाकडोळे पुसट करून टाकले आहेत. सपाट उजेडांत समोरून पाहिलें तर मूर्ति खडकांत मिसळून जातात. तोच उजेड एका अंगानें तिरपा पडूं लागला कीं झिजलेल्या कडेखालीं सावलीची बारीक रेघ उमटते, आणि दगडांतून खांदा, गुडघा, मुकुटाची कड अशी एकेक खूण वर येऊं लागते. छायाचित्रकाराला दगडाचें चित्र कधींच काढतां येत नाहीं. त्याला दगडावरच्या उजेडाचें चित्र काढावें लागतें. होट्टलच्या किंवा निलंग्याच्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर ज्या मूर्ति आहेत, त्यांच्याही बाबतींत सूर्य भिंतीच्या रेषेंत येतो तेवढी घटकाच काय ती उपयोगाची. ती चुकली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी.

1875-76 च्या हिवाळ्यांत पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे जेम्स बर्जेस निजामाच्या राज्यांतील बीदर व औरंगाबाद या भागांत हिंडले. धाराशिवचीं लेणीं, खरोसा, अंबेजोगाई हीं स्थळें त्यांच्या वृत्तांतांत आलीं, आणि तो वृत्तांत 1878 सालीं लंडनमध्यें छापून निघाला. (लातूर त्या वेळीं जिल्ह्याचें ठाणें नव्हतें; तें 1982 सालीं झालें.) त्या काळच्या अशा ग्रंथांतून छायाचित्र आणि हातानें काढलेलें रेखाचित्र हीं दोन्ही शेजारीं शेजारीं नांदतात, आणि त्यांचें आपसांत फारसें पटत नाहीं. रेखाचित्रांत मूर्तीचीं बोटें स्वच्छ मोजतां येतात. छायाचित्रांत त्याच ठिकाणीं एक काळा डाग असतो. नकाशे काढणारा कारकून जें दिसलें पाहिजे तें काढीत असे, आणि कांच जें दिसत होतें तें काढीत असे. दोघांपैकीं खरें कोण बोलतो, हा प्रश्न छायाचित्रकलेच्या जन्मापासून तिच्या मागें लागलेला आहे. मराठवाड्यांत तर त्याचा फार मोठा खटला चालला.

त्या काळीं एक चित्र काढण्यास काय पडे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. 1851 सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कांचेची रीत शोधून काढली. स्वच्छ पुसलेल्या कांचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य ओतावयाचें, ती कांच अंधारांत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ओली आहे तोंवरच धुऊन काढावयाची. सुकली कीं संपली. म्हणून छायाचित्रकार जेथें जाई तेथें त्याची अंधारी राहुटी बरोबर जाई. कांचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तिवई, पाण्याच्या घागरी, हें सगळें बैलगाडींत. आतां मराठवाड्याचा उन्हाळा श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. कोलोडियनमध्यें ईथर असतो. वैशाखांत तो कांचेवरून पाहतां पाहतां उडून जावयाचा. विहिरीचें पाणी खारट असलें तर चांदीच्या द्रवांत मिसळतांच तें दुधासारखें फुटावयाचें आणि सगळा द्रव वायां जावयाचा. येवढ्या खटाटोपांतून दिवसाकाठीं पांचसहा चित्रें हातीं लागलीं तर मोठी कमाई. साहजिकच तिवई कोठें मांडावी, याचा विचार माणूस अर्धा दिवस करी. आज खिशांतल्या यंत्रानें घटकेंत शंभर चित्रें निघतात आणि निवड मागाहून होते. तेव्हां सगळी निवड आधीं होत असे.

ही विद्या मुंबईस फार लवकर आली. 1854 सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व एल्फिन्स्टन विद्यालयांत लौकरच छायाचित्रणाचा वर्गही निघाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे या कलेंत निष्णात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर मुंबईंत आपला धंदाच थाटला. पण त्याच मुंबईंत या कलेच्या खरेपणाला पहिला मोठा हात लागला. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 व 1866 सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील माणसें एकीकडे घेतलेलीं आणि त्यांच्या पाठीमागचीं स्थळें दुसरीकडे घेतलेलीं. दोहोंचा मेळ कात्रीनें व छपाईंत घातलेला. जेथें माणूस कधीं उभाच राहिला नव्हता तेथें तो कागदावर उभा आहे, आणि त्याच्या पायांची सावली मागच्या झाडांच्या सावलीशीं जुळत नाहीं. हें ठकबाजीनें केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. उघड्यावर माणसांना स्थिर उभें करणें त्या कांचेवर कठीण होतें, म्हणून ही युक्ति. तथापि पुढें तीं पानें विद्वान लोकांनीं पुरावा म्हणून वाचलीं, हें विसरतां येत नाहीं.

आकाशाचीही तीच गोष्ट. ती कांच निळ्या रंगाला फार हळवी असल्यामुळें जमिनीचें चित्र नीट उमटेपर्यंत आकाश करपून जाई व छापांत त्यावर पांढरे-भुरे डाग येत. मग कांचेवर आकाशाच्या जागीं काळा रंग फांसून छापांत तें साफ पांढरें करीत. किंवा ढगांची एक वेगळी कांच जपून ठेवून तिच्यांतलें आभाळ पाहिजे त्या देखाव्यावर चढवीत. एकच ढग कित्येक गांवांवरून फिरल्याचीं उदाहरणें या कलेच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखाला हा ढग कांहीं कामाचा नव्हता, येवढेंच.

आतां अजिंठा. मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल हा अधिकारी चित्रांच्या नकला करण्याकरितां 1844-45 च्या सुमारास तेथें आला आणि जवळजवळ जन्मभर त्या भागांत राहिला. त्यानें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला केल्या, त्या विलायतेस गेल्या, आणि 1866 च्या डिसेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या थोड्या सोडून सगळ्या जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 पासून पुन्हां तेंच काम केलें. त्यांच्याही पुष्कळ नकला 1885 सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्यें जळून गेल्या. दोनदां काम आणि दोनदां आग. इकडे भिंतीवरचा गिलावा पोपडे धरून गळत होता, वटवाघळें होतीं, आणि चित्राचा तुकडा खरडून नेणारे प्रवासीही होतेच. मूळ चित्र जात होतें आणि नक्कलही टिकत नव्हती. अशा वेळीं एका कांचेवरून हव्या तितक्या प्रती काढतां येणारी विद्या हातीं असावी, आणि तिनेंच दगा द्यावा, हा या कथेंतला खरा कठीण भाग होय.

गिल यानें 1856 च्या सुमारास कॅमेरा हातीं घेतला. दोन भिंगांचा, म्हणजे दोन डोळ्यांनीं पाहिल्यासारखीं जोडचित्रें देणारा कॅमेरा तो वापरी. 1864 सालीं जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें लंडनमध्यें निघालीं. एकांत 74 चित्रें, दुसऱ्यांत 100. लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, चैत्यांच्या कमानी हें सगळें त्यांत उत्तम आलें आहे. अशा चित्रांत दारापाशीं बहुधा एखादा माणूस बसविलेला किंवा उभा केलेला असतो. तो तेथें सहज आलेला नसतो. खांब केवढा हें कळावें म्हणून छायाचित्रकारानें मोजपट्टीच्या ऐवजीं ठेवलेला असतो. त्याचें नांव पुस्तकांत नसतें.

पण भिंतींवरच्या रंगांचें काय? अजिंठ्याचे रंग म्हणजे गेरू, पिंवडी माती, हिरवी माती, काजळ, चुन्यासारखे पांढरे रंग, आणि कांहीं ठिकाणीं लाजवर्द नांवाच्या मूल्यवान निळ्या दगडाची पूड. गेरू आणि पिंवडी यांवर सगळा डोलारा. आणि जुन्या कांचेला नेमके हेच दोन रंग दिसत नसत. तिला निळें तेवढें दिसे. त्यामुळें लाल अंगकांतीच्या जागीं काळोख, पिंवळ्या वस्त्राच्या जागीं काळोख, आणि निळा मणी मात्र पांढरा स्वच्छ. ज्या रेषेकरितां जग अजिंठ्याला मान देतें ती रेषाही गेरूचीच, म्हणून तीही काळोखांत बुडालेली. भर म्हणून लेण्यांतला अंधार. पांढरीं कापडें व आरसे धरून उजेड आंत फेकावा तर तो एका ठिकाणीं भडक व दुसरीकडे मंद पडे. छायाचित्र खोटें बोलत नाहीं अशी जी म्हण रूढ झाली आहे, ती काढणारानें अजिंठ्याच्या भिंतीसमोर ओली कांच धरून पाहिली नसावी.

याला उपाय विज्ञानानें हळूहळू काढला. 1873 सालीं बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना असें आढळलें कीं, कांचेवरच्या लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें म्हणजे तिला निळ्याच्या पलीकडचेही रंग दिसूं लागतात. पुढें हिरवा, पिंवळा आणि शेवटीं लालही दिसणाऱ्या कांचा बाजारांत आल्या. 1906 पासून सर्व रंगांना जागणारी कांच कोणासही विकत मिळूं लागली. 1911 सालीं व्हिक्टर गोलूब्येव यांनीं अजिंठ्याचीं छायाचित्रें घेतलीं व तीं 1927 सालीं पॅरिसमध्यें छापलीं गेलीं. दरम्यान 1914 सालीं निजाम सरकारनें आपलें स्वतंत्र पुरातत्त्व खातें काढलें आणि गुलाम याज़दानी यांना त्याचे प्रमुख नेमलें. 1920 ते 1922 या काळांत इटलीहून चेकोनी व ओर्सिनी हे दोन दुरुस्तीचे जाणकार बोलावून सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हां बसविण्यांत आला. त्यानंतर ई. एल. व्हासी यांच्याकडून भिंतींचीं रंगीत छायाचित्रें घेण्यांत आलीं. तीन रंगांच्या पद्धतींत एकाच चित्राच्या तीन कांचा तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतात आणि छपाईंत त्या एकावर एक बसवितात. केसाएवढा जरी फरक झाला तरी डोळ्याच्या कडेला दुसरा डोळा उमटतो. याज़दानी यांच्या ‘अजंता’ या ग्रंथाचे चार भाग 1930, 1933, 1946 आणि 1955 या सालीं ऑक्सफर्डनें छापले. पहिल्या तीन भागांच्या वेळीं हैदराबाद संस्थान होतें. चौथा निघाला तेव्हां तें राज्य 1948 सालींच भारतांत विलीन झालेलें होतें. राज्य बदललें तरी ग्रंथ पुरा झाला, ही गोष्ट याज़दानी यांच्या चिकाटीला शोभणारी आहे. ग्रंथाच्या नांवांतच चित्रें छायाचित्रणावर आधारलेलीं आहेत असें स्पष्ट म्हटलें आहे. ‘आधारलेलीं’ हा शब्द प्रामाणिक आहे. छपाईचा रंग भिंतीशीं ताडून पाहणारा डोळा शेवटीं माणसाचाच होता.

यांत आणखी एक गुंता आहे. नकला करणारांनीं आणि दुरुस्ती करणारांनीं रंग उठावदार दिसावे म्हणून भिंतींवर वेळोवेळीं व्हार्निश फांसलें होतें. तें कालांतरानें पिंवळें व काळें पडलें, आणि पुढें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना तें काढण्यांत पुष्कळ वर्षें घालवावीं लागलीं. म्हणजे छायाचित्रावर हात फिरविण्याआधीं भिंतीवरच हात फिरलेला होता. म्हणूनच जुन्या, काळ्या, रंगांध छायाचित्रांना आज निराळें मोल आलें आहे. त्यांत रंग खोटे असले तरी गिलाव्याची कड खरी आहे. अमुक सालीं येथपर्यंत चित्र होतें आणि आज तेथें मोकळा दगड आहे, हें सांगणारा साक्षी तोच.

मराठवाड्याशीं ज्यांचा निकट संबंध आला असे दुसरे मोठे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. मीरतजवळ सरधना येथें 1844 सालीं त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयांत शिकून ते इंदुरास बांधकाम खात्यांत नोकरीस लागले आणि तेथें छायाचित्रणाकडे वळले. 1880 नंतर ते निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयास आले, सिकंदराबादेस त्यांनीं चित्रशाळा उघडली, 1894 सालीं त्यांना राजा हा किताब मिळाला, आणि 1896 सालीं मुंबईसही त्यांची शाखा निघाली. हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांकरितां त्यांनीं 1892 सालीं वेगळी चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईच्या हातीं दिली. तोंवर कोरड्या कांचा आल्या होत्या. राहुटीची यातायात गेली होती. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद हीं स्थळें दीनदयाळांच्या कॅमेऱ्यांत आलीं, आणि देखाव्याच्या मांडणींत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी त्या काळीं हिंदुस्थानांत क्वचितच असेल. बांधकाम खात्यांत नकाशे केलेला तो माणूस. इमारतीच्या रेषा त्याच्या चित्रांत कधीं कलत नाहींत.

त्यांच्या चित्रशाळेचें एक काम मात्र या देखाव्यांपेक्षां फार निराळें आहे. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळांत औरंगाबाद भागांत सरकारनें जीं मदतीचीं कामें काढलीं त्यांचीं छायाचित्रें या चित्रशाळेनें घेतलीं. हेतु सरकारच्या सत्कृत्यांची नोंद राहावी हा होता. म्हणून कृश माणसें ओळीनें बसविलेलीं, उभीं केलेलीं आहेत. मांडणी तीच, जी दरबारच्या चित्राची असते. दरबारांत मानकरी ज्या शिस्तीनें बसतात त्याच शिस्तीनें येथें भुकेलेले बसले आहेत. मांडणी करणारानें चौकट सुबक केली, पण बरगड्यांपुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. सरकारी अल्बमांत लागलेल्या या चित्रांतून त्या सालीं मराठवाड्याच्या रयतेचे काय हाल झाले तें कोणत्याही अहवालापेक्षां स्वच्छ कळतें. दीनदयाळ 1905 सालीं वारले. त्यांच्या 2857 कांचा 1989 सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या.

नांदेड-लातूरकडे ही विद्या धंदा म्हणून पोंचण्यास आगगाडीची मदत झाली. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड या मार्गानें हैदराबादेकडे लोहमार्ग झाला. 1911 सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरच्या पेठेंत आली. आगगाडीबरोबर कांचा, कागद, औषधें आलीं, आणि गांवांतली ‘तसवीर’ ही वस्तु सुखवस्तु घरांत दिसूं लागली. तिची मांडणी ठरलेली. मागें पडदा, त्यावर रंगविलेला महाल, जिना, क्वचित् विलायती तळें. पुढें कोरीव खुर्ची, तिवईवर फुलदाणी, पुरुषाच्या हातांत पुस्तक, मग अक्षरओळख असो वा नसो. कर्ता बसलेला, कुटुंब उभें. छत कांचेचें किंवा पांढऱ्या कापडाचें, उजेड उत्तरेकडचा, कारण तो दिवसभर एकसारखा राहतो. चित्र निघाल्यावर खरें काम रात्रीं सुरू होई. निगेटिव्ह तिरप्या चौकटीवर ठेवून, खालून उजेड देऊन, अणकुचीदार पेन्सिलीनें चेहऱ्यावरचे देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें भरून काढीत. पेन्सिलीचा काळा ठिपका छापांत पांढरा होतो, म्हणून हें जमतें. जेथें जास्त उजळलें असेल तेथें धारेच्या सुरीनें अलगद खरडीत. या कामाला हातांत सनई वाजविणाराचा श्वास लागतो असें म्हटलें तरी चालेल.

याहूनही नाजूक काम म्हणजे गेलेल्या माणसाचें चित्र करणें. घरांतील वडील माणूस वारलें, त्याचें एकट्याचें चित्र नाहीं. असतो तो कोणाच्या तरी लग्नांतला तीस माणसांचा गट, आणि त्यांत मागच्या ओळींत पावट्याएवढा चेहरा. छायाचित्रकार तो चेहरा वेगळा काढी, मोठा करी, आणि मोठा करतांना जें विरून जाई तें कुंच्यानें भरी. खांद्याशीं शेजाऱ्याचा हात असेल तर तो पुसून तेथें कोट काढी. टोपीच्या जागीं पागोटें हवें असें घरच्यांनीं सांगितलें तर पागोटें येई. हें चित्र भिंतीवर चढे, त्याला हार पडे, आणि नातवंडें मोठीं होऊन आपले आजोबा असाच कोट घालीत असें सांगत. येथें कोणाचें नुकसान झालें असें म्हणवत नाहीं. विधवेला धन्याचा चेहरा मिळाला, हें थोडें नव्हे. खरोशाच्या नरसिंहाचें झिजलेलें नाक असें कोणी कुंच्यानें भरलें असतें तर मात्र तो इतिहासाचा गुन्हा ठरला असता. हात तोच, पेन्सिल तीच. एका ठिकाणीं ती दया असते आणि दुसऱ्या ठिकाणीं लबाडी. दोहोंमधली सीमा त्या धंद्यांतल्या माणसांना पुस्तकाशिवाय कळत होती, आणि बहुतेकांनीं ती पाळली.

अजिंठ्यास पुढें आणखी नवे कॅमेरे आले. 1991 पासून बिनॉय बहल यांनीं लेण्यांत झगझगीत दिवे न लावतां, आहे त्याच मंद उजेडांत भिंग फार वेळ उघडें ठेवून चित्रें घेतलीं, आणि जो अंधार गिलच्या काळीं शत्रु होता त्यांतूनच गेरू, हिरवा, लाजवर्दी हे रंग निघाले. आतां संगणकावर गळालेला गिलावा भरून काढतां येतो. मूळ भिंतीला स्पर्शही न होतां पुरें चित्र कसें असेल तें पडद्यावर दाखवितां येतें. असें भरलेलें चित्र आणि मूळ चित्र हीं शेजारीं शेजारीं छापण्याची रीत चांगली आहे. जुन्या कांचांना तशी वेगळी सोय लागत नाहीं. चित्रशाळेंतल्या निगेटिव्हवर रिटचिंग केलेलें असलें तर छापांत कितीही शोधलें तरी तें बहुधा सांपडत नाहीं. पण तीच कांच हातांत घेऊन खिडकीशीं तिरपी धरली कीं गालावर, कपाळावर, डोळ्यांखालीं पेन्सिलीच्या बारीक रेघा चांदीसारख्या चमकूं लागतात, आणि कोणत्या चेहऱ्यावर किती हात फिरला तें मोजतां येतें.